उसन्या पात्रांचा संसार

एखाद्या कथेचें शेवटचें पान उलटलें म्हणजे तींतील पात्रांचा संसार आटोपला असें ग्रंथकार समजतो. वाचक मात्र तसें समजावयास सहसा तयार नसतो. नायक-नायिकांचें पुढें काय झालें, खलपुरुषास पश्चात्ताप झाला कीं नाहीं, एकाच प्रवेशांत येऊन गेलेल्या त्या गड्याचें घर कोठें होतें, असले प्रश्न त्याच्या मनांत घोळत राहतात. बहुतेकांच्या मनांत ते घोळतां घोळतां विरून जातात; थोडे जण मात्र लेखणी हातीं घेऊन त्यांचीं उत्तरें स्वतःच लिहूं लागतात. सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा दुसरा भाग बाहेर पडण्यापूर्वींच, १६१४ सालीं, आव्हेलानेदा असें नांव धारण करणाऱ्या कोणा एका लेखकानें आपल्या मनाचा दुसरा भाग रचून छापला. आणि त्यामुळें मूळ ग्रंथकारास आलेल्या रागाचे पडसाद १६१५ सालच्या खऱ्या दुसऱ्या भागांत स्पष्ट उमटले. तात्पर्य, दुसऱ्याचीं पात्रें उसनीं घेऊन संसार थाटण्याची हौस आजकालची नव्हे. तिला लाभलेलें क्षेत्र तेवढें नवें आहे.

दूरचित्रवाणीवरील ज्या मालिकांस इंग्रजींत 'सिटकॉम' असें सुटसुटीत नांव पडलें आहे आणि ज्यांस आपण प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका म्हणूं शकूं, त्यांच्या चाहत्यांनीं गेल्या कांहीं दशकांत या हौसेस मोठें उधाण आणलें आहे. ठराविक घर, ठराविक शेजारी, दर आठवड्यास एक नवा घोटाळा आणि अर्ध्या तासांत त्याचा निकाल, असा या मालिकांचा सांचा असतो. वर्षानुवर्षें तींच माणसें दिवाणखान्यांत येत राहिल्यानें त्यांचा प्रेक्षकांशीं घरोबा जमतो. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांच्या रूपानें अवतरले, तेव्हां महाराष्ट्रांतील कुटुंबांनीं हा घरोबा स्वतः अनुभवला आहे. असा घरोबा जडला म्हणजे कित्येक प्रेक्षकांस नुसतें पाहणें पुरत नाहीं. ते त्या माणसांच्या नव्या गोष्टी लिहितात, त्यांच्या चित्रकथा काढतात, आणि आपल्यासारख्याच इतर चाहत्यांस त्या वाचावयास देतात. शब्दांनीं सांगितलेली असो वा चित्रांनीं, अशा रचनेस आपण या लेखापुरतें 'अनुकथा' म्हणूं.

या अनुकथेकडे पाहण्याच्या दोन रीति प्रचारांत आहेत. पहिली विद्वानांची. हा पोरखेळ आहे, ज्यास स्वतःचें पात्र निर्माण करतां येत नाहीं तो दुसऱ्याचें उसनें आणतो, असें ते म्हणतात. दुसरी चाहत्यांची. प्रेमांतून जें निपजलें तें सुंदरच, त्याची छाननी कशास हवी, असें यांचें म्हणणें. दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे ती ही कीं, प्रत्यक्ष कृति तपासून पाहण्याचे श्रम दोहोंसही वांचतात. आमच्या मतें अनुकथा ही टीकेचीच एक जात आहे, आणि म्हणूनच तिचें मूल्यमापन करतां येतें व केलें पाहिजे. हें मत सिद्ध करण्यासाठीं एकच मालिका घेऊन तिच्यावर उभ्या राहिलेल्या तीन उद्योगांची परीक्षा येथें करावयाची आहे.

ही मालिका म्हणजे अमेरिकेंतील 'दि सिम्प्सन्स'. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकारानें निर्माण केलेलें हें कुटुंब १९८७ सालीं दुसऱ्या एका करमणुकीच्या कार्यक्रमांत मधल्या वेळचे चुटके म्हणून जन्मास आलें आणि १७ डिसेंबर १९८९ पासून स्वतःच्या अर्ध्या तासाच्या मालिकेंत नांदूं लागलें. येथील माणसें रेखाटलेलीं, बहुतेक पिवळ्या वर्णाचीं आणि वाटोळ्या डोळ्यांचीं आहेत. परंतु मालिकेचा घाट अस्सल प्रसंगनिष्ठ विनोदाचा आहे. स्प्रिंगफील्ड नांवाच्या गांवीं होमर हा आळशी, खादाड पण कुटुंबवत्सल गृहस्थ अणुवीज-केंद्रांत सुरक्षेची देखरेख करण्याच्या नोकरीवर आहे. केंद्राचा मालक मिस्टर बर्न्स हा लोभाचा पुतळा. होमरची सोशीक पत्नी मार्ज, दहा वर्षांचा व्रात्य मुलगा बार्ट, आठ वर्षांची बुद्धिमान व न्यायप्रिय मुलगी लिसा, आणि दूध पिणारी मॅगी, असा हा संसार.

चित्रांतील माणसांस वय नसतें, ही या मालिकेची सोय आहे. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी बार्ट दहाच वर्षांचा राहिला आणि मॅगीच्या तोंडांतील चोखणी सुटली नाहीं. वय वाढत नाहीं म्हणजे केवळ केस पिकत नाहींत एवढेंच नव्हे; केल्या कर्माचें फळही मिळत नाहीं. या आठवड्यांत होमरची नोकरी जाते, घर जळतें, मित्र तुटतो. पुढील आठवड्यांत सर्व कांहीं पूर्ववत्. प्रसंगनिष्ठ विनोदाचा हा मूलभूत नियम आहे. शोकान्त नाटकांत एका चुकीनें राज्यें बुडतात. येथें शंभर चुका पोटांत घालून घर उभें राहतें. प्रेक्षकास जें सुख मिळतें तें या अभयदानाचें.

परंतु या अभयदानाची किंमत कोणी तरी देतच असतो, हें मालिकेच्या लेखकांस ठाऊक होतें. १९९७ सालच्या 'होमर्स एनिमी' या भागांत फ्रँक ग्राइम्स नांवाचा एक कष्टाळू मनुष्य अणुवीज-केंद्रांत नोकरीस येतो. जन्मभर राबून त्याच्या हातीं फारसें कांहीं लागलेलें नाहीं. आणि येथें होमर कामचुकारपणा करूनही सुखांत लोळतो हें पाहून त्याच्या मस्तकांत तिडीक उठते. अखेर होमरच्या बेफिकिरीची नक्कल करतां करतां तो विजेच्या तारांस हात लावून मरतो, आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळीं होमर झोपेंत बरळल्यामुळें लोक हंसतात. कारणामागून कार्य यावयाचेंच अशा आपल्या जगांतला एक मनुष्य स्प्रिंगफील्डमध्यें येतांच काय होईल, याचें हें विदारक उत्तर आहे. मालिकेनें तें एकदां दिलें आणि पुढच्या आठवड्यास ती आपल्या नित्यक्रमाकडे वळली. जें प्रश्न विचारून सोडून दिलें जातें, तेथूनच अनुकथेचा आरंभ होतो.

अनुकथेची कसोटी कोणती, हें ठरविण्यासाठीं आपणांस परदेशीं जावयास नको. नवव्या शतकांत काश्मिरांत होऊन गेलेल्या आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतांत नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. त्याच्या काळचे कवि रामायण-महाभारतांतील कथा घेऊन काव्यें-नाटकें रचीत; म्हणजे आजच्या भाषेंत बोलावयाचें तर उसन्या पात्रांवरच त्यांचा निर्वाह चाले. आनंदवर्धनाचें सांगणें दुहेरी आहे. परंपरेनें आलेल्या कथेंत रसास प्रतिकूल असें कांहीं असेल तर कवीनें तें खुशाल टाकावें व त्या जागीं रसानुकूल असें स्वतः कल्पावें; परंतु ज्या कथांचा रस लोकांच्या मनांत सिद्ध होऊन बसला आहे, त्यांत रसाला विरोध करणारी आपली स्वेच्छा घुसडूं नये. कालिदासानें महाभारतांतील शकुंतलेच्या कथेंत दुर्वासाचा शाप आणला तो पहिल्या नियमाच्या आधारें. मूळ कथेंतला दुष्यंत जाणूनबुजून ओळख नाकारतो. शापामुळें तो प्रेमास पात्र राहतो आणि शृंगाराचा घात टळतो.

'स्वेच्छा' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. अनुकथेचा सर्वांत मोठा रोग तोच आहे, आणि त्याचें निदान चाहत्यांनीं स्वतःच फार पूर्वीं केलें, ही गोष्ट त्यांस पोरकट समजणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावी. अनुकथेच्या आजच्या चळवळीची घडण जिच्या चाहत्यांनीं केली ती 'स्टार ट्रेक' ही अंतराळप्रवासाची मालिका विनोदी नव्हती. पण तेथील अनुभव सर्वत्र लागू पडतो. १९७३ सालीं पॉला स्मिथ या चाहतीनें चाहत्यांच्याच एका हौशी नियतकालिकांत अगदीं छोटी विडंबनकथा लिहिली. तींतील मेरी सू ही पंधरा वर्षांची मुलगी जहाजावर येतांच सर्वांहून शूर, सर्वांहून शहाणी ठरते, नायक तिच्यावर लुब्ध होतात आणि शेवटीं तिच्या मरणावर सर्व जहाज अश्रु ढाळतें. लेखिकाच वेष पालटून कथेंत शिरली आणि मूळ पात्रें तिचीं आरतीओवाळीं झालीं, असा जो प्रकार तेव्हां बोकाळला होता त्याला हा टोला होता. तेव्हांपासून 'मेरी सू' हें या दोषाचें नांवच होऊन बसलें. आनंदवर्धनाचें नांवही न ऐकलेल्या समाजानें त्याचा नियम स्वतःच्या अनुभवांतून पुन्हां शोधून काढला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही कसोटी हातीं घेऊन पहिल्या उद्योगाकडे वळूं. जपानी चित्रकथाकार कात्सुहिरो ओतोमो यांची 'अकिरा' ही १९८२ ते १९९० या काळांत क्रमशः प्रसिद्ध झालेली, सहा खंडांची व दोन हजारांवर पृष्ठांची प्रचंड चित्रकथा आहे. एका विध्वंसानंतर पुन्हां उभारलेल्या टोकियोंत कानेदा आणि तेत्सुओ हे दोन उनाड मित्र असतात. त्यांतला दुबळा तेत्सुओ एका अपघातानें अमानुष शक्ति पावतो आणि जन्मभर सोसलेल्या कमीपणाचा सूड साऱ्या नगरावर उगवितो. २०१३ सालीं रायन हम्फ्री यांच्या मूळ कल्पनेवरून जेम्स हार्वी या चित्रकारानें 'बार्टकिरा' नांवाचा उपक्रम सुरू केला. शेंकडों चित्रकारांनीं थोडीं थोडीं पानें वांटून घेऊन ती समग्र कथा सिम्प्सन्सच्या पात्रांकरवीं पुन्हां रेखाटावयाची, अशी ही योजना. कानेदाच्या जागीं बार्ट आणि तेत्सुओच्या जागीं बार्टचा मित्र मिलहाउस.

वरवर पाहतां ही एक थट्टा आहे, आणि पुष्कळ पानांवर ती थट्टाच राहते. ज्या चित्रकारानें ओतोमोंची चौकट जशीच्या तशी गिरवून तींत पिवळा चेहरा बसविला, त्याचें पान पाहून क्षणभर हंसूं येतें आणि दुसऱ्या क्षणीं तें विसरलें जातें. शेंकडों हातांचें काम असल्यानें शैलीचा एकजिनसीपणा नाहीं, हा दोषही उघड आहे. परंतु मिलहाउसची योजना मात्र मार्मिक टीकाकारासच सुचावी अशी आहे. मूळ मालिकेंत हा जाड भिंगांचा, घाबरट मुलगा दशकानुदशकें हंशाचा विषय होत आला. शाळेंतले मुलगे त्यास बडवितात, त्याचे आईबाप विभक्त होतात, जिवलग म्हणविणारा बार्ट त्यास वेळोवेळीं संकटांत ढकलतो. आणि आपण हंसतों. तेत्सुओचा वेष अंगावर चढतांच या सर्व हंशांचा हिशेब एकदम समोर येतो. या मुलाच्या हातीं शक्ति आली असती तर त्यानें काय केलें असतें, असा प्रश्न मालिकेनें कधीं गंभीरपणें विचारला नाहीं, कारण तिच्या नियमांत तो बसत नाहीं. अनुकथेनें एक अक्षरही न लिहितां, केवळ पात्रांची सांगड घालून तो विचारला. मिलहाउसचा स्वभाव येथें बदललेला नाहीं. त्याच्या स्वभावांत मुळापासून असलेलें दुःख तेवढें वर आलें आहे. स्वेच्छा आणि शोध यांमधील भेद तो हाच.

दुसरी रचना रंगभूमीवरची आहे, आणि आमच्या मतें ती तिन्हींत श्रेष्ठ होय. अॅन वॉशबर्न यांचें 'मिस्टर बर्न्स' हें नाटक प्रथम २०१२ सालीं वॉशिंग्टन येथें आणि पुढील वर्षीं न्यू यॉर्क येथें झालें. व्यवसायी नाटककाराची कृति अनुकथेंत गणावी काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु हिचा जन्म चाहत्यांच्या आठवणींतूनच झाला आहे. एका नाट्यसंस्थेंतील नटांनीं एकत्र बसून सिम्प्सन्सचा एक भाग आठवेल तसा सांगितला, त्या संभाषणाचा उपयोग पहिल्या अंकांत केलेला आहे.

तो भाग म्हणजे १९९३ सालचा 'केप फिअर'. साइडशो बॉब हा दुष्ट मनुष्य तुरुंगांतून सुटून बार्टच्या जिवावर उठतो. कुटुंब नांव बदलून एका तरंगत्या घरांत राहावयास जातें. आणि शेवटीं बार्ट त्यास एक समग्र संगीतिका गाऊन दाखविण्याची गळ घालून वेळ काढतो व वांचतो. नाटकाच्या आरंभीं अमेरिकेंतील अणुवीज-केंद्रें निकामी होऊन सर्वत्र हाहाकार झाला आहे. वांचलेलीं कांहीं माणसें शेकोटीभोंवतीं बसून हा भाग आठवीत आहेत. एक जण एक वाक्य सांगतो, दुसरा तें दुरुस्त करतो, तिसऱ्यास मधलाच प्रसंग आठवतो. इतक्यांत एक अनोळखी मनुष्य येतो. आणि प्रत्येक जण आपली वही उघडून आपल्या बेपत्ता आप्तेष्टांचीं नांवें त्यास वाचून दाखवितो. त्यानें कोणासही पाहिलेलें नसतें. मग पुन्हां सर्व जण त्या विनोदी भागाकडे वळतात. हंसण्याची गोष्ट आणि मेलेल्यांची यादी यांस नाटककर्त्रीनें असें शेजारीं बसविलें आहे कीं, विनोद माणसाच्या कोणत्या गरजेस उतरतो हें निराळें सांगावें लागत नाहीं.

दुसरा अंक सात वर्षांनंतरचा. आतां नाटकमंडळ्या निघाल्या आहेत. त्या मालिकेचे भाग करून दाखवितात आणि लोकांस आठवणारीं वाक्यें मोल देऊन विकत घेतात. तिसरा अंक आणखी पंचाहत्तर वर्षांनंतरचा. ज्यांनीं दूरचित्रवाणी डोळ्यांनीं पाहिली त्यांतलें कोणी उरलें नसावें. तोच भाग आतां एका गंभीर संगीत विधीसारखा सादर होतो. त्यांत खलपुरुष साइडशो बॉब राहिलेला नाहीं. त्याच्या जागीं मिस्टर बर्न्स उभा आहे. ज्या समाजाचा घात अणुवीज-केंद्रांनीं केला त्याच्या स्मृतींत त्या केंद्राचा मालकच राक्षस होऊन बसावा, हा पालट अत्यंत अर्थपूर्ण आहे. येथें मूळ कथा मोडली आहे, परंतु रस मोडलेला नाहीं. उलट जें भय मालिकेनें दर आठवड्यास हंशावारी नेलें तें आतां आपल्या खऱ्या स्वरूपांत प्रकटलें आहे. व्रात्य बार्ट कुटुंबाच्या नाशानंतर एकटा उभा राहून झगडतो, आणि अखेरीस माणसाच्या पायांनीं फिरविलेल्या यंत्रावर रंगभूमीवर विजेचे दिवे उजळतात.

हें नाटक वाचतांना मराठी वाचकाच्या मनांत आपल्या कीर्तनकारांची व आख्यानकवींची आठवण जागी होणें स्वाभाविक आहे. मोरोपंतांनीं एकाच रामकथेवर एकशें आठ रामायणें रचिलीं म्हणून ख्याति आहे. आणि त्यांतील कित्येकांत अक्षरांचीं व रचनेचीं नाना बंधनें स्वतःवर लादून घेतलीं. राम उसना आहे म्हणून पंतांस कोणी उसनवार कवि म्हटलें नाहीं. यावरून सिम्प्सन्सचा होमर आणि रामायणांतील राम एका तागडींत बसतात असें कोणी समजूं नये. एवढेंच सिद्ध होतें कीं, ज्या समाजानें हजारों वर्षें परिचित पात्रांच्या पुनःकथनावर आपलें वाङ्मय पोसलें, त्यानें अनुकथेस 'स्वतंत्र नाहीं' एवढ्याच कारणावरून नाकारणें शोभत नाहीं.

आतां तिसरें उदाहरण; आणि येथें प्रश्न केवळ कलेचा उरत नाहीं. स्प्रिंगफील्डमध्यें अपू नांवाचा एक भारतीय दुकानदार आहे. १९९० पासून हें पात्र मालिकेंत आलें आणि त्यास आवाज दिला तो हँक अझेरिया या गौरवर्णीय अमेरिकन नटानें, हेल काढून बोलण्याच्या एका ठराविक ढबींत. अमेरिकेंत वाढलेल्या भारतीय मुलांस शाळेंत याच ढबीनें चिडविलें जाई. महाराष्ट्रांतून तिकडे गेलेल्या कुटुंबांचीं मुलेंही अर्थातच त्या शाळांत होतीं. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदी नटानें २०१७ सालीं 'दि प्रॉब्लेम विथ अपू' हा अनुबोधपट काढून ही व्यथा चारचौघांत मांडली. तो स्वतः मालिकेचा चाहता होता, ही गोष्ट विसरतां कामा नये. तक्रार घरच्या माणसाची होती.

मालिकेनें त्यास उत्तर दिलें तें एप्रिल २०१८ च्या एका भागांत. मार्ज एक जुनें बालपुस्तक आजच्या रुचीस मानवेल असें दुरुस्त करूं पाहते, तें निर्जीव होतें, आणि मग लिसा प्रेक्षकांकडे वळून म्हणते कीं, पूर्वीं ज्याचें कौतुक झालें तें आतां गैर ठरतें, त्यास काय करावें. शेजारीं अपूची तसबीर असते. येथें आमची कसोटी लावून पहा. लिसा ही मालिकेंतील सदसद्विवेकबुद्धि. ज्यास कोणी वाली नाहीं त्याची बाजू घेणें हा तिचा स्वभाव प्रेक्षकांनीं वर्षानुवर्षें पाहिलेला. शिवाय १९९५ सालच्या एका भागांत तिनें मांसाहार सोडला व ती इतरांस तुच्छ लेखूं लागली, तेव्हां आपल्या दुकानाच्या गच्चीवरील बागेंत नेऊन तिला सहिष्णुतेचा धडा दिला तो याच अपूनें. त्या लिसाच्या तोंडीं अपूविषयीं हे कोरडे शब्द घालणें म्हणजे सिद्धरसांत स्वेच्छा घुसडणें होय; आणि ती घुसडली कोणा अडाणी चाहत्यानें नव्हे, प्रत्यक्ष मालकांनीं. एका अर्थानें ही मालकांनीं लिहिलेली 'मेरी सू' आहे, कारण लिसाचा वेष घेऊन लेखकच बोलले आहेत.

पुढें जानेवारी २०२० मध्यें अझेरियानें आपण यापुढें अपूचा आवाज देणार नाहीं असें जाहीर केलें, आणि अपूच्या तोंडचें बोलणें बंद पडलें. नटाचा निर्णय सभ्यपणाचा होता. परंतु कथेच्या दृष्टीनें पाहतां पात्राचा प्रश्न पात्रास मुकें करून सुटत नाहीं. अपू हा केवळ हेलाचा पुतळा नव्हता. त्यानें संगणकशास्त्रांत उच्च पदवी मिळविली होती. १९९६ सालच्या एका भागांत तो नागरिकत्वाची परीक्षा देतो, आणि अमेरिकन यादवीच्या कारणांचा असा सविस्तर ऊहापोह करूं लागतो कीं, परीक्षकच कंटाळून त्यास एका शब्दांत उत्तर देण्यास सांगतो. हा मनुष्य गल्ल्यावर बसून कोणता विचार करीत असेल? घरीं तो कोणत्या भाषेंत बोलत असेल? आपल्या आठ जुळ्या मुलांस शाळेंत त्याच्याच आवाजाची नक्कल करून कोणी चिडविलें तर तो त्यांस काय सांगेल? मूळ लेखकांस हे प्रश्न सुचले नाहींत. अनुकथाकारास सुचले. आदि शंकर या भारतीय वंशाच्या निर्मात्यानें अपूच्या पुनर्लेखनाची खुली स्पर्धा पुकारली, आणि तींत निवड झाली ती व्यवसायानें डॉक्टर असलेल्या एका गृहस्थाच्या संहितेची. तींत अपू भरभराटीस आलेला व्यापारी झाला आहे. ही कल्पना आम्हांस अर्धीच पटते. दुकानदारास श्रीमंत केल्यानें त्यास माणुसकी येते असें नाहीं, ती गल्ल्यावर बसूनही येऊं शकते. तथापि मालकांच्या मौनापेक्षां हा प्रयत्न शतपट बरा. लिसा पुन्हां एकदां त्या गच्चीवरील बागेंत जाऊन अपूशेजारीं बसली आणि बोलण्यापेक्षां ऐकत राहिली, एवढी एक छोटी अनुकथा कोणी लिहील तर ती २०१८ च्या त्या भागाचें खरें प्रायश्चित्त ठरेल.

या ठिकाणीं कायद्याचा मुद्दा पुढें येतो. पात्रें ज्याचीं त्यालाच तीं वापरण्याचा हक्क, असें कोणी म्हणेल. आणि अमेरिकन न्यायालयांपुढें विनोदी मालिकांच्याच बाबतींत हा वाद गेलेला आहे. 'साइनफेल्ड' मालिकेवरील ६४३ प्रश्नांचें एक कोड्यांचें पुस्तक निघालें, तेव्हां कल्पित पात्रांच्या कल्पित गोष्टी या लेखकांच्या निर्मिति आहेत, म्हणून हें पुस्तक हक्कभंग करतें, असा निकाल अपील न्यायालयानें १९९८ सालीं दिला. उलट 'थ्रीज कंपनी' या मालिकेंत घरमालकानें राहूं द्यावें म्हणून समलिंगी असल्याचें सोंग करणारा तरुण होता. डेव्हिड अॅजमी यांच्या '३ सी' या नाटकानें त्या जागीं खरोखरच समलिंगी असून तें लपविणारा, आंतल्या आंत कुढणारा तरुण उभा केला, आणि २०१५ सालीं न्यायालयानें तें नाटक न्याय्य वापर म्हणून मान्य केलें. हे दोन निकाल शेजारीं ठेवून पाहिले तर एक गोष्ट साहित्यिकासही पटण्यासारखी आहे. कोड्यांच्या पुस्तकानें मूळ कृतीचा तपशील तेवढा मोजून दिला. नाटकानें मूळ कृतीच्या हंशाखालीं काय दडलें होतें तें उघडें केलें. अर्थात् कायदा मालकीचा निवाडा करतो, रसाचा नव्हे. मालकाचें धन मालकास मिळालेंच पाहिजे. परंतु पात्राशीं इमान राखणें ही निराळी गोष्ट आहे, आणि तें इमान मालकी-हक्काच्या कागदाबरोबर आपोआप येत नाहीं, हें लिसाच्या उदाहरणानें स्पष्ट झालें आहे. ज्यानें पात्राकडे अधिक लक्ष दिलें त्याच्याकडे तें असतें.

अनुकथेच्या मर्यादा आम्ही झांकूं इच्छित नाहीं. तिचा बहुतांश भाग सामान्य असतो, जसा कोणत्याही काळच्या कवितेचा व कादंबरीचा असतो. ज्यास मूळ मालिका ठाऊक नाहीं त्यास तींतील अर्धी गोडी लाभत नाहीं. जन्मभर उसन्या घरांतच राहणाऱ्यास स्वतःचें घर बांधण्याचें धैर्य कदाचित् येणारही नाहीं. पण लेखनकलेचा पहिला धडा म्हणून तिच्याइतकी चांगली शाळा विरळा. वर्गांत स्वभावचित्रणावर व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी परीक्षेपुरतें तें लक्षांत ठेवतो. आवडत्या मालिकेची चित्रकथा काढणारी मुलगी मात्र चौकटीगणिक स्वतःस विचारीत असते कीं, लिसा असें बोलेल काय, होमर एवढें समजूं शकेल काय. औचित्यविचार म्हणतात तो याहून निराळा नाहीं.

म्हणून ज्या घरांत एखादा मुलगा वा मुलगी अभ्यासाच्या वह्यांच्या मागच्या पानांवर असल्या चित्रकथा रेखाटीत असेल, तेथें वडील मंडळींनीं ती वही ओढून घेऊं नये आणि भारावून जाऊन तिची वाहवाही करूं नये. ती वाचावी, आणि हा माणूस येथें असा कां वागला, एवढेंच विचारावें. उत्तर देतां आलें नाहीं तर मूल तें पान स्वतः खोडील. उत्तर देतां आलें, आणि तें मूळ मालिकेंत कोठेंही सांपडत नसूनही खरें वाटलें, तर त्या घरांत एक चांगला वाचक तयार झाला आहे असें समजावें. लेखक व्हावयाचा कीं नाहीं, तें पुढचें पुढें.